हिरवा चुडा आणि पालथी वाटी

बडोद्यात खोटी मगर खपवणं अवघड आहे. बाकी गावांतल्या प्रेक्षकाने मगर पाहिलेली असते ती टीव्हीवर. बडोदेकराने ती विश्वामित्री नदीच्या काठावर ऊन खात पडलेली पाहिलेली असते, आणि २०१९ आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरांत तर ती वस्तीत शिरलेली. त्यामुळे व्हिडिओ प्रॉडक्शन आणि स्पेशल इफेक्ट्स शिकणाऱ्या इथल्या पोरांना 'ओल्या रस्त्यावरून जाणारी मगर, सहा सेकंद' असा स्वाध्याय दिला, की त्याचे परीक्षक गल्लोगल्ली बसलेले असतात. मगर पालीसारखी सरपटवली, तर दांडिया बाजारातली एखादी आजीसुद्धा म्हणेल, "नाही रे, ती पोट उचलून चालते." आजीचं बरोबर असतं. जमिनीवर अंतर कापायचं असलं की मगर चारही पाय अंगाखाली घेऊन पोट अधांतरी ठेवते. शेपटीचं टोक तेवढं मागे घासत येतं.

सहा सेकंद म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १५० चित्रं. या १५० चित्रांचा बराचसा निकाल रस्त्यावर लागतो, कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या आधीच्या अर्ध्या तासात. नंतर लॅबमध्ये बसून जे करायचं, ते त्या अर्ध्या तासात काय टिपून ठेवलं त्याच्या जिवावर. आणि नेमका हाच अर्धा तास अभ्यासक्रमात सगळ्यात शेवटी येतो. पहिल्या सत्रात सॉफ्टवेअर, दुसऱ्यात आणखी एक सॉफ्टवेअर, आणि प्रकाश कधीतरी तिसऱ्यात, तोही एखाद्या पाहुण्या व्याख्यात्याच्या दोन तासांत. थ्रीडीसाठी ब्लेंडर फुकट मिळतं, दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत चित्रं एकमेकांवर बसवायचं फ्यूजन आहे, त्याच कामाच्या न्यूकची नॉन-कमर्शियल आवृत्ती शिकण्यापुरती पुरते. बटणं कुठे आहेत हे तीन-चार महिन्यांत कुणालाही कळतं. ओल्या डांबरावर सावली कशी पडते, हे मुद्दाम खाली बघितल्याशिवाय कळत नाही.

या गावाला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तेव्हा चित्रकला आणि रंगाईचं रसायनशास्त्र एकाच छपराखाली आणलं होतं. दादासाहेब फाळके तिथे शिकले, फोटोग्राफी तिथेच त्यांच्या हाताशी आली. पुढे १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली, तो आपल्याकडचा पहिलावहिला टाइम-लॅप्सच म्हणायचा. त्या कलाभवनाच्या इमारतीत आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी आणि इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. इफेक्ट्स शिकणाऱ्याला चित्रं काढणारे आणि यंत्रं खोलणारे असे दोन्ही शेजारी लागतात, आणि बडोद्यात ते सायकलच्या अंतरावर मिळतात. असो, मगरीकडे येऊ.

लोकेशनवर न्यायच्या वस्तू साध्या आहेत: मोजपट्टी, पांढऱ्या स्टिकर टेपचे तुकडे, एक मीटरची सरळ काठी, करडा मॅट रंग दिलेला प्लॅस्टिकचा चेंडू, वही, आणि घरातली एक स्टीलची वाटी. वाटी नवी, चकचकीत, तळाला नाव न कोरलेली. क्रोम बॉल नावाची जी वस्तू मोठ्या सेटवर वापरतात, तिचं हे आपलं स्वयंपाकघरातलं रूप. मगर जिथून चालणार त्या जागी वाटी पालथी घालायची आणि तिचे फोटो काढायचे. फुगीर तळात सगळं आभाळ, समोरच्या इमारती, झाडाचा काळा ढीग, पलीकडची पिवळी भिंत, सगळं गोळा होऊन दिसतं. मगरीच्या अंगावर हाच प्रकाश पडणार आहे. पिवळ्या भिंतीचा पिवळेपणा तिच्या उजव्या कुशीवर आला नाही, तर ती मगर त्या गल्लीतली वाटत नाही.

एक फोटो पुरत नाही. आभाळ नीट दिसेल असा फोटो काढला की सावल्या काळ्याठिक्कर होतात, सावल्या धरल्या की आभाळ पांढरंफटक. म्हणून भिंगाचं छिद्र आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तसेच ठेवून फक्त शटर बदलत पाच फोटो: १/४०००, १/१०००, १/२५०, १/६०, १/१५. प्रत्येकात दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा फरक पडतो. पाचही एकत्र केले की एचडीआर, म्हणजे आभाळ आणि सावल्या दोन्ही धरलेलं चित्र तयार होतं, आणि थ्रीडीमध्ये तेच दिव्याचं काम करतं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर पाच फोटो पाच रंगांचे येतात आणि सगळी मेहनत पाण्यात. उघडं ऊन असेल तर १/४००० लाही सूर्याचा ठिपका जळालेलाच येतो, म्हणून सूर्य थ्रीडीमध्ये वेगळा दिवा म्हणून लावावा लागतो. त्यासाठी ती काठी. काठी उभी धरायची आणि सावली मोजायची. सावली काठीएवढीच असेल तर सूर्य ४५ अंशांवर. सावली लांब असेल तर सूर्य त्याहून खाली. दिशा फोनच्या होकायंत्रावर बघून वहीत लिहायची, वेळही लिहायची. बडोदं कर्कवृत्ताच्या जरासं खाली आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला काठीला सावलीच उरत नाही. त्या उन्हात शूट करू नये. सावलीच नसेल तर खोट्या वस्तूला जमिनीशी बांधणार कशाने?

करड्या चेंडूचं काम वेगळं. वाटी दिवे कुठे आहेत ते सांगते, चेंडू सांगतो की उजेडाकडून अंधाराकडे जाताना रंग किती भरभर उतरतो. पावसाळी ढगाखाली तो उतार इतका हळुवार असतो की चेंडू चपटा दिसतो. थ्रीडीत तसाच चेंडू ठेवून दोन्ही शेजारी लावायचे, आणि ते जुळेपर्यंत मगर उघडायचीच नाही. चेंडू नाही जुळला तर मगर कुठून जुळणार.

आता कॅमेरा. बहुतेकांकडे फोनच असतो आणि फोनला काही हरकत नाही. हरकत त्याच्या हुशारीला आहे. स्टॅबिलायझेशन चालू असलं की फोन प्रत्येक फ्रेम स्वतःच्या मनाने सरकवतो आणि वाकवतो. पाहणाऱ्याला ते गुळगुळीत दिसतं, क्लिपमधून कॅमेऱ्याची चाल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ट्रॅकरला, मात्र रस्ता रबराचा वाटतो. ते बंद. एक्स्पोजर आणि फोकस लॉक. झूम नाही. बऱ्याच फोनांत फ्रेमरेट कमीजास्त होत राहतो, म्हणजे ३० म्हणतो आणि मधूनच २८ देतो. अशा क्लिपमध्ये चाळिसाव्या फ्रेमपर्यंत मगर रस्त्याला चिकटलेली असते आणि मग हळूच घसरायला लागते. मॅन्युअल नियंत्रण देणारं अ‍ॅप वापरावं, आणि क्लिप एकदा हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या प्रोग्राममधून एकसारख्या फ्रेमरेटची करून घ्यावी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१००. १/६० ठेवलं की स्वस्त ट्यूबलाइटखाली सगळं चित्र श्वास घेतल्यासारखं कमीजास्त होतं, आणि ते नंतर काढणं म्हणजे आठवड्याची मजुरी.

कॅमेरा ट्रॅकिंगला खोली लागते. ट्रायपॉडवर जागच्या जागी कॅमेरा फिरवला तर जवळचं आणि लांबचं एकाच वेगाने सरकतं, मग सॉफ्टवेअरला कळणार कसं की खांब दहा फुटांवर आहे की पन्नास? दोन पावलं बाजूला चालत जावं. ओलं डांबर ट्रॅकरला सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून टेपचे सहा-आठ तुकडे, काही जवळ, काही लांब, एका रेषेत नाहीत असे. त्यातल्या दोन तुकड्यांमधलं अंतर मोजून ठेवायचं, समजा दोन मीटर. हा आकडा नसला की मगर दहा फुटांची आहे की पालीएवढी, हे पुढे सगळं अंदाजपंचे. रिक्षा आणि स्कूटर मध्ये आल्या तर त्यांच्यावरचे ट्रॅक पुसावेत, कारण ट्रॅकर रिक्षालाही रस्ता समजतो. वाऱ्यात हलणाऱ्या कडुनिंबाचंही तेच. शेवटी जो सॉल्व्ह एरर (ट्रॅकरच्या उत्तरातली चूक) येतो तो एक पिक्सेलच्या आत हवा, अर्ध्याच्या आत असला तर उत्तम. पण आकडा चांगला आला म्हणून लगेच पुढे जाऊ नये. रस्त्यावर थ्रीडीतले चार-पाच साधे ठोकळे ठेवून क्लिप चालवून बघावी. ठोकळे पोहले, तर मगरही पोहेल.

टेपचे तुकडे नंतर चित्रातून पुसायचे असतात, हे चिकटवताना लक्षात ठेवावं. जिथे मगरीचं पोट येणार तिथे खुशाल लावा, आपोआप झाकले जातील. सगळं आटोपल्यावर टेप काढून तीच चाल पुन्हा एकदा रिकाम्या रस्त्यावर शूट करायची, याला क्लीन प्लेट म्हणतात. एक मिनिटाचं काम आहे आणि दहांतले नऊ जण ते विसरतात.

इथवर एकही हिरवा पडदा आला नाही. बाहेरच्यांना वाटतं इफेक्ट्स म्हणजे हिरवा पडदा. पडद्याचा हिरवा पारदर्शक करून मागे दुसरं चित्र बसवायचं, याला 'की' (key) काढणं म्हणतात. पडद्याचं शास्त्र सोपं आहे: सेन्सरवर हिरव्याचे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरवा सगळ्यात स्वच्छ नोंदला जातो, आणि माणसाच्या कातडीत तो वरचढ नसतो. मंगळ बाजारात कापड घेताना सॅटिन घेऊ नये, चमकतं. साधं सुती, बिनचमकीचं, पोपटीकडे झुकणारं. सुरकुत्या काढण्यासाठी इस्त्री, आणि ताणून बांधायला क्लिपा. पडद्याचे दिवे वेगळे, माणसाचे वेगळे, आणि माणूस पडद्यापासून निदान सहा-आठ फूट पुढे. नाहीतर कापडाची हिरवी झाक खांद्यावर आणि केसांच्या कडेवर चढते. वेव्हफॉर्म मॉनिटर (चित्रातल्या उजेडाचा आलेख) असेल तर पडद्याची रेघ ४० ते ५०च्या पट्ट्यात आणि शक्य तितकी सपाट दिसली पाहिजे. फोन किंवा साधा कॅमेरा रंगाची नोंद दर चार पिक्सेलला एकदाच करतो, म्हणून 'की' काढल्यावर कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. फोर-के शूट करून एचडीत काम केलं तर त्या पायऱ्या पुष्कळ मिटतात. इतकं झालं की पाठ्यपुस्तक संपतं. खरी गंमत आपल्या कपड्यांपासून सुरू होते.

समजा नवरीचा शॉट आहे. नऊवारी, नथ, हातात हिरवा चुडा. 'की' काढला की मनगटाला भोकं पडतात आणि त्यातून मागचा राजवाडा दिसतो. मग पोरं कीची धार कमी करतात, बांगड्या परत येतात, पण केसांभोवतीचा हिरवा धूरही परत येतो. हातांभोवती वेगळा मास्क (तेवढा भाग वगळणारा आकार) काढून बांगड्या वाचवल्या, तरी पुढच्या पायरीला त्या जातातच. कडांवरची हिरवी झाक काढायची सर्रास पद्धत अशी: एखाद्या पिक्सेलमधला हिरवा जर लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल, तर तो त्या सरासरीवर आणून ठेवायचा. काचेच्या बांगडीचा रंग समजा लाल ४०, हिरवा १४०, निळा ५०. लाल-निळ्याची सरासरी ४५. म्हणजे बांगडी झाली ४०, ४५, ५०. हा कोळसा आहे. लग्नघरात कुणाला हा शॉट दाखवून बघा! उपाय दोनच. मास्क फक्त कीला न लावता झाक काढण्याच्या पायरीलाही लावायचा. किंवा पहिल्यापासून निळा पडदा घ्यायचा. निळ्याला दिवे जास्त लागतात, कारण सेन्सरच्या निळ्या चॅनेलमध्ये दाणे (चित्रातली बारीक खरखर, नॉइज) अधिक असतात. आणि निळी पैठणी असेल तर? त्यासाठी शूटच्या आदल्या दिवशी कपडे मागवून पडद्यासमोर धरून बघायचे असतात.

नवरात्रातला चणियाचोळीचा शॉट याहून वाईट. आभल्यांचं काम असतं. समोरच्या आभल्यांत कॅमेऱ्याकडची बाजू दिसते, ती ठीक. पण अंगाच्या कडेला असलेला, कॅमेऱ्याला तिरका दिसणारा आरसा मागचा पडदाच दाखवतो. गिरकी घेतली की असे आरसे दर फ्रेमला बदलतात, आणि घागऱ्याच्या कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या दिसतात. आभल्यांवर पावडरचा हात फिरवला तर आरसा मंद होतो, पण मग लकाकी गेली, आणि लकाकीसाठीच तर तो घागरा होता. असा शॉट हिरव्यावर घेऊच नये. काळ्या किंवा खऱ्या पार्श्वभूमीवर घ्यावा आणि रोटो करावा.

रोटोबद्दल पोरं नाक मुरडतात. हाताने कडा काढत बसायचं, तेही फ्रेम फ्रेम करत. पण मुंबई, पुणे, हैदराबादच्या स्टुडिओंत नव्याला दार उघडतं ते बहुतेक वेळा रोटो आणि पेंटनेच (नको ते चित्रातून पुसण्याच्या कामाने). अमेरिकन अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरला रोटोचं मूळ असलेल्या रोटोस्कोपचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं, आणि मशिनने कितीही मदत केली तरी उडत्या केसांशी येऊन ती अजून अडते. नवशिका सगळ्या माणसाभोवती एकच आकार ओढतो आणि प्रत्येक फ्रेमवर बिंदू सरकवतो. क्लिप चालवली की कडा उकळत्या दुधासारखी थरथरते. जाणता डोकं, मान, दंड, कोपराखालचा हात, पंजा असे वेगळे आकार करतो, एकमेकांवर थोडे चढवलेले. हालचाल जिथे वळते ती टोकं आधी धरतो, मग मधलं, मग त्याच्या मधलं. बिंदू जितके कमी तितकी कड शांत. अ‍ॅनाटॉमीचं स्केचिंग केलेल्या मुलांना हे लवकर जमतं, कारण कोपर कुठे मुडपतो ते त्यांना ठाऊक असतं.

मगर रस्त्यावर ठेवली, दिवे जुळले. आता ती तरंगते आहे असं का वाटतं? पंजे जिथे टेकतात तिथली बोटभर गडद सावली नसते म्हणून. लांबची सावली चुकली तर एकवेळ चालते, ही चालत नाही. मग ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब: जवळ पायाशी बघितलं तर पाणी खालचं डांबर दाखवतं, लांब तिरकं बघितलं तर आरसा होतं. म्हणून प्रतिबिंब सगळीकडे सारखं लावलं की काच अंथरल्यासारखं दिसतं. मग काळं. कॅमेऱ्यातलं काळं कधीच पूर्ण काळं नसतं, पावसाळी हवेत तर ते करडं असतं; मगरीच्या जबड्याखालचा अंधार रिक्षाच्या टायरखालच्या अंधारापेक्षा गडद झाला की चिकटवलेलं कळतं. हे उघड्या डोळ्यांना एकदम दिसत नाही. व्ह्यूअरचा गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) वर नेऊन आणि खाली आणून बघायचं, फक्त बघण्यापुरता. जे लपलेलं असतं ते अंगावर येतं. दाणे शेवटी, आणि निळ्या चॅनेलला जास्त. कडेला काळी रेघ आलीच, तर नव्वद टक्के वेळा चूक एकच: अल्फाने (पारदर्शकतेच्या चॅनेलने) आधीच गुणलेल्या चित्रावर तसंच रंगकाम केलं. आधी अनप्रीमल्ट (तो गुणाकार काढायचा), मग रंग, मग पुन्हा प्रीमल्ट (परत गुणायचं). हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

रेंडरचा, म्हणजे संगणकाने अंतिम चित्रं तयार करण्याचा हिशेब मात्र पाठ हवा. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तर १५० फ्रेमला दहा तास. शेवटच्या रात्री लावलेला रेंडर सकाळी संपतो, आणि चूक सकाळी दिसते. म्हणून आधी प्रत्येक दहावी फ्रेम काढून बघावी, पंधरा फ्रेम, एक तास. आणि थेट व्हिडिओ फाइल कधीही रेंडर करू नये. १३०व्या फ्रेमला लाइट गेली की व्हिडिओ फाइल बहुधा उघडतसुद्धा नाही. सुट्या चित्रांची माळ असली तर १२९ सुखरूप असतात आणि पुढून चालू करता येतं. सोळा बिटांची, चार चॅनेलची एचडी फ्रेम न दाबता ठेवली तर साधारण साडेसोळा एमबीची होते. १५० फ्रेम म्हणजे अडीच जीबी. डिस्क भरली म्हणून रेंडर थांबला, असं सबमिशनच्या दिवशी सांगायला लागू नये.

झालं की क्लिप मोठ्या मॉनिटरवर वर्गात दाखवण्याआधी फोनवर टाकून, काही न सांगता, घरातल्या कुणाला तरी दाखवावी. "केवढं छान केलंस!" असं उत्तर आलं तर परत लॅबमध्ये जावं लागणार. "अगंबाई, ही कुठल्या सोसायटीत शिरली?" असं आलं तर शॉट पास. फक्त ती क्लिप आपलं नाव आणि 'बनावट दृश्य' ही पाटी पूर्ण सहा सेकंद ठेवल्याशिवाय पुढे पाठवू नका, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. नदीकाठच्या सोसायट्यांत तेव्हा खऱ्या मगरींसाठीचे फोन चालू असतात.